गोबरगॅस: लोखंडी ड्रमपासून प्लास्टिकच्या टाकीपर्यंत

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात 1897च्या सुमारास मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून वापरात आणला गेला. अनेक पुस्तिकांत याचे साल 1859 छापलेले असते. ते खरे असू शकत नाही, कारण हे कुष्ठधामच 1890 साली सुरू झाले.

शेणापासून वायू काढण्याचे प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत 1939च्या सुमारास झाले. पण घरगुती संयंत्राला रूप दिले ते जशभाई पटेल यांनी, 1950च्या दशकात. विटांची विहीर आणि त्यात उपडा तरंगणारा लोखंडी ड्रम, अशी त्यांची रचना. 1960च्या दशकाच्या सुरुवातीपासून खादी व ग्रामोद्योग आयोगाने ती गावोगाव नेली.

हिशेब तेव्हाचाच आजही चालतो. एक किलो ताज्या शेणातून साधारण 40 लिटर वायू मिळतो. पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाला 2 घनमीटरचे संयंत्र लागते, म्हणजे रोज 50 किलो शेण, पाचेक गुरे. शेणाइतकेच पाणी कालवायचे. असा रोजचा 100 लिटर काला 40 दिवस आत राहायला हवा, म्हणून टाकीत 4000 लिटरची जागा धरतात. काला पातळ झाला तर माती-वाळू तळाशी बसते, घट्ट झाला तर वर जाड थर धरतो आणि वायू त्याखाली अडकतो.

ड्रमचा मोठा गुण असा की त्याच्या वजनामुळे शेगडीला वायू एकसारख्या दाबाने मिळतो. शिवाय तो गोल फिरवला की वरचा थर मोडतो. पण आतला हायड्रोजन सल्फाइड आणि ओल मिळून लोखंड खातात, आणि आळीपाळीने ओली-कोरडी होणारी पट्टी आधी सडते. दरवर्षी ड्रम रिकामा करून, घासून रंगवणे भाग असते. ते चुकले म्हणून बंद पडलेली संयंत्रे फार. खर्चाचा मोठा वाटाही ड्रमचाच.

ड्रम काढून टाकण्यासाठी चीनमधल्या स्थिर, म्हणजे पक्क्या बांधलेल्या आणि आत वायू साठवणाऱ्या घुमटाची कल्पना घेऊन 1978 साली उत्तर प्रदेशात 'जनता' संयंत्र तयार झाले. 1984 साली 'दीनबंधु' आले. त्यात तळ आणि घुमट दोन्ही गोलाकार, त्यामुळे विटा-सिमेंट कमी. गंजण्याचा प्रश्न सुटला, पण सगळा भार गवंड्याच्या हातावर आला. घुमटाच्या गिलाव्यात केसाएवढी भेग राहिली तरी वायू निसटतो. अशा घुमटावर माती टाकण्याआधी दाबाची चाचणी घेतलीच पाहिजे.

महाराष्ट्राने यात शौचालयाची भर घातली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि पुढे देहूत डॉ. मापुसकरांनी मैल्यावर चालणारी संयंत्रे उभी केली. हे काम जेवढे महत्त्वाचे, तेवढे लोकांना माहीत नाही.

गुरे नसलेल्या शहरी घरासाठी पुण्याच्या 'आरती' संस्थेत आनंद कर्वे यांनी एकात एक बसणाऱ्या दोन प्लास्टिक टाक्यांचे संयंत्र आणले; त्याला 2006 साली ब्रिटनमधला, शाश्वत ऊर्जेसाठीचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यात सुरुवातीला शेणाचे विरजण घालतात, मग रोज एक-दोन किलो वाटलेले खरकटे. एकदम जास्त घातले तर आतला काला आंबट होतो आणि ज्योत लागत नाही. अशा वेळी काही दिवस खरकटे बंद ठेवून थोडा शेणकाला घालावा, ज्योत पुन्हा निळी जळू लागली की हळूहळू वाढवावे.