मडगार्ड दुरुस्ती, मोटारगाडीची

चाकावरच्या कमानदार पत्र्याचा पोचा काढणे, किंवा तो पत्रा काढून नवा बसविणे. बहुतेक गाड्यांत पुढचे मडगार्ड बोल्टांवर असते. मागचे मात्र वेल्ड केलेल्या बाजूपत्र्याचाच भाग असल्याने ते कापून काढावे लागते. फोक्सवॅगन बीटलची चारही मडगार्डे बोल्टांवर असत.

बदलावे की ठोकावे, हे पोच्याच्या आकारापेक्षा पत्रा किती ताणला गेला यावर ठरते. मोठा, उथळ पोचा पुष्कळदा कडेच्या एखाद्या घडीने अडकून राहिलेला असतो. घडी सोडविली की बाकीचा पत्रा आपोआप वर येतो. म्हणून पोचा पडताना जी घडी शेवटी पडली ती आधी काढावी, असा कुशल डेंटरांचा क्रम आहे. पत्र्यामागे डॉली (लोखंडी ठोकळा) धरून नेमके तिच्यावरच ठोकले तर पत्रा दबून पातळ होतो व पसरतो; डॉली शेजारी धरून ठोकल्यास तो न ताणता बसतो. पसरलेला पत्रा बोटाने दाबताच आतबाहेर होतो. तो गॅसच्या ज्योतीने ठिपक्याठिपक्याने लाल करून, ठोकून, ओल्या फडक्याने निववून आकसवितात. घडीवर पत्रा फाटला असेल किंवा कड गंजून गेली असेल, तर नवे मडगार्डच श्रेयस्कर.

खळगे भरण्यासाठी पूर्वी शिसे-कथिलाचा मिश्रधातू वितळवून लावीत. साधारणतः १९५०च्या दशकाच्या मध्यापासून पॉलिएस्टर पुटी आली. तिचा थर सुमारे ३ मिमी.हून जाड झाल्यास पुढे तडकण्याचा संभव असतो. पोचा न काढता नुसती पुटी भरणे ही दुरुस्ती नव्हे.

रंग न उडविता आतून सळईने पोचा उचलण्याच्या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. डायम्लर-बेंझचे कारागीर ऑस्कर फ्लाइग यांनी १९६०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती प्रथम वापरली, अशी कथा प्रचलित आहे. तथापि पत्र्यामागे पोहोचणाऱ्या पिक (टोकदार हत्यार) व चमच्यासारख्या हत्यारांचा वापर १९६०च्या आधीपासून होता. त्यामुळे ही पद्धत एकाच व्यक्तीने शोधली असे मानण्यापेक्षा कारखान्यांतील जुन्या कसबातून ती हळूहळू घडली, हे अधिक ग्राह्य वाटते.

१९९०मध्ये बाजारात आलेल्या सॅटर्न या अमेरिकी गाड्यांची पुढची मडगार्डे प्लॅस्टिकची होती. असे मडगार्ड किरकोळ धक्क्याने वाकून परत पूर्वीसारखे होते, जोराच्या धक्क्याने तडकते.

भारतात मडगार्ड बदलावे की ठोकावे या निर्णयावर विम्याचाही प्रभाव पडतो. भारतीय मोटर टॅरिफ (मोटार विम्याची नियमावली, २००२) प्रमाणे धातूच्या बदललेल्या भागावर गाडीच्या पहिल्या सहा महिन्यांत घसारा (गाडीच्या वयानुसार भरपाईतून होणारी कपात) नसतो. पाच ते दहा वर्षांच्या गाडीसाठी तो ४०%, त्यापुढे ५०% असतो. प्लॅस्टिकच्या भागांवर तो गाडीचे वय न पाहता ५०% धरतात. ठोकण्याच्या मजुरीतून मात्र घसारा कापला जात नाही. साहजिकच झिरो-डेप (घसारा न कापता भरपाई देणारे) संरक्षण नसलेल्या जुन्या गाडीचे मालक जुनेच मडगार्ड ठोकून घेतात, किंवा कुर्ला (मुंबई) येथील जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून त्याच मॉडेलचे मडगार्ड आणून बसवितात.