नवीन पार्ट बसवलेत, आता पहिले पंधरा दिवस जपा

सायकलला ब्रेक, चेन, फोर्क (पुढचा शॉक), काहीही नवीन बसवलं की बिलाबरोबर हा कागद आम्ही देतो. पार्ट बसवणं आमचं काम. तो गाडीत मुरवणं तुमच्या हातात.

ब्रेक

‘काय ओ, एवढं महागाचं ब्रेक बसवलासा आणि गाडी थांबंनाच की!’ असा फोन आम्हाला नेहमी येतो. ब्रेक चांगलाच असतो. नव्या पॅडचा बारीक थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढला, की मगच पकड येते. सकाळी रस्ता मोकळा असताना, आपल्या बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला म्हणा, गाडी ताशी वीस-पंचवीसच्या वेगाला न्या आणि एकच ब्रेक दाबत चालण्याच्या वेगावर आणा. चाक जाम होऊ द्यायचं नाही, पूर्ण थांबायचंही नाही. पुढच्या ब्रेकला वीस वेळा, मागच्याला वीस वेळा. दहा-बारा वेळा झालं की ब्रेक चावायला लागल्याचं बोटाला कळतं. हे न करता थेट चोर्ला घाटाचा उतार धरू नका.

डिस्कला बोट लावू नका. चेनवर स्प्रे मारताना फवारा डिस्कवर गेला तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून साफ होते, पण पॅड तेल प्याला की संपला. घासून, तापवून बघणारे बरेच भेटले. शेवटी सगळ्यांनी नवीनच घेतले.

चाक काढून ठेवलं असेल तर लिव्हर दाबू नका. (घरात लहान मूल असेल तर ते दाबणारच.) पॅड ढकलणारे पिस्टन पुढे येतात आणि मग डिस्क आत शिरत नाही. पॅडच्या मधे जाड पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा.

अजून एक. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये डॉटचाच डबा असतो. ‘ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल’ म्हणून मिनरलवाल्या ब्रेकमध्ये कुणी ते ओतलं, तर आतले रबरी सील फुगतात आणि अख्खा ब्रेक कामातून जातो.

आवळताना

आमचं बरंच गिऱ्हाईक उद्यमबागेत मशिनवर काम करणारं. हाताला मोठे बोल्ट आवळायची सवय, आणि तीच सवय इथं घात करते. हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमचे बोल्ट बहुधा पाच-सहा न्यूटन मीटरचे (हे आवळायच्या जोराचं माप) असतात. आकडा स्टेमवरच छापलेला असतो. जोर जास्त झाला की ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि बोल्ट नुसता गरगर फिरत राहतो. पेडलला मात्र जोर लागतो, पस्तीसच्या आसपास. आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून क्रँकचे आटे घालवलेले लोक शहाणेसुरते होते. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळायचा पाना, दुकानात आहे. येऊन वापरा, पैसे नाहीत.

गिअर

आठवड्या-दोन आठवड्यांत गिअर अडखळायला लागले तर घाबरू नका. नव्या केबलचं आवरण दाबून बसतं आणि आतली तार सैल पडते. चेन मागच्या मोठ्या दातेरी चकतीवर चढायला नखरे करत असेल, तर केबल डिरेलरमध्ये (चेन चकत्यांवर सरकवणारा मागचा पार्ट) शिरते तिथली गोल चक्री मागून बघत पाव वळसा घड्याळाच्या उलट फिरवा. लगेच फरक कळतो. शेजारच्या एच आणि एल लिहिलेल्या स्क्रूंना हात लावू नका. एल चुकला की चेन थेट स्पोकमध्ये.

फोर्क

हवेचा फोर्क तुमच्या वजनावर लावायचा असतो, मित्राच्या नव्हे. हेल्मेट, बॅग, पाण्याची बाटली सगळं घेऊन गाडीवर बसा, कुणाला तरी गाडी धरायला सांगा, आणि फोर्कच्या नळीवरची रबरी रिंग खालच्या सीलपर्यंत सरकवा. मग हळूच उतरा. १२० मिमी दबणाऱ्या फोर्कला रिंग २४ ते ३० मिमी वर गेलेली दिसली तर हवा बरोबर. जास्त गेली तर हवा भरा, पण शॉक पंपानेच. पंप काढताना फुस्स होतं ती नळीतली हवा. फोर्कमधली गेली म्हणून परत परत भरू नका.

चेन आणि लाल चिखल

जांबोटी-कणकुंबीकडचा पावसाळ्यातला तांबडा चिखल तेलात मिसळला की चेनवर पॉलिश पेपरच फिरतो म्हणा. राइडहून आल्यावर साध्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा जेट हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटवर (क्रँकच्या मधलं बेअरिंग) मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. चेन वाळली की प्रत्येक कडीच्या रोलरवर एकच थेंब, आणि दहा मिनिटांनी वरचं तेल कापडाने पुसायचं. थबथबलेली चेन दिसली की आमचा पोरगा हसतो.

चेन किती ताणली ते आम्ही गेज लावून सांगतो. अकरा-बारा स्पीडला (मागे तेवढ्या चकत्या) ०.५ टक्के, नऊ-दहाला ०.७५ झालं की बदला. तशीच रेटली तर कॅसेटही (मागच्या चकत्यांचा संच) घ्यावी लागेल.

टायर ट्यूबलेस असेल तर दोन-तीन महिन्यांनी आतलं सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) बघा. उन्हाळ्यात लवकर वाळतं.

पंधरा दिवसांनी गाडी एकदा दाखवायला आणा, चेकिंग फुकट. शनिवारी संध्याकाळी रविवारच्या राइडवाले सगळेच येतात, म्हणून मधल्या वारी या. चिखल तेवढा घरी धुऊन या.