दहावीच्या करिअर कार्यक्रमात कागदपत्रांचा तास हवाच: कुठला दाखला, कधी, कशासाठी

आमच्या शाळेत करिअर मार्गदर्शन म्हटलं की आधी एकच गोष्ट व्हायची, जानेवारीत कुणीतरी पाहुणे यायचे, दोन तास बोलायचे, मुलं टाळ्या वाजवायची आणि फळ्यावर पर्यायांचं एक झाड काढलेलं असायचं. बोर्डानेही २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी सुरू केली होती, ती काही वर्षं चालली, मुलांना आपला कल कळायचा. पण कल कळला म्हणून प्रवेश मिळत नाही ना. मला हे नीट समजलं ते एका विद्यार्थिनीमुळे, तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं, मार्क छान होते, आणि नॉन क्रिमिलेयर (मागास प्रवर्गातल्या कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला) ३१ मार्चला संपलेलं. घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नवीन दाखल्यासाठी अर्ज केला, पावती मिळाली, पावतीवर फॉर्म भरताही आला, पण मूळ दाखला ठरलेल्या तारखेपर्यंत अपलोड झाला नाही आणि तिचा अर्ज खुल्या प्रवर्गात गेला. तेव्हापासून आमच्या कार्यक्रमात कागदपत्रांचे तास वेगळे काढलेत, आठवीपासून. ते कसे बसवलेत आणि कुठल्या अर्जाला काय लागतं ते सगळं इथे लिहिते, शिक्षकांना पण उपयोगी पडेल आणि पालकांना पण. हे सगळं महाराष्ट्रातल्या शाळांसाठी आहे हे लक्षात ठेवा.

आठवी: एनएमएमएस

पहिला खरा अर्ज आठवीत येतो. एनएमएमएस म्हणजे नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप, ही केंद्राची शिष्यवृत्ती, २००८ पासून आहे, आपल्याकडे परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. मूल सरकारी, झेडपी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत पाहिजे, सातवीला किमान ५५ टक्के (एससी एसटीला ५० चालतात) आणि पालकांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय ही मुलं बसत नाहीत. दोन पेपर, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. अर्ज शाळेच्या लॉगिनमधून जातो, म्हणजे पालकाने कुठे पळायचं नाही, पण उत्पन्नाचा दाखला मात्र त्यांनीच आणायचा असतो, आणि बऱ्याच घरांत मुलाच्या शिक्षणासाठी काढलेला तो पहिलाच दाखला असतो. म्हणून मला हा अर्ज पैशांपेक्षा सुद्धा त्या सरावासाठी महत्त्वाचा वाटतो. आणि एक, निवड झाल्यावर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते राहिलं की पुढचा हप्ता थांबतो. दहावीला ६० टक्के लागतात (एससी एसटीला ५५), हे मुलांना नववीतच सांगून ठेवा.

नववी: नाव आणि जात

नववीत आम्ही दोनच कामं करतो पण ती नीट करतो.

पहिलं काम जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत प्रत्येक मुलाची नोंद असते ती वही. एका तासाला पाच-पाच मुलांना ऑफिसात बोलवायचं, रजिस्टर उघडायचं, मुलाच्या हातात त्याचं आधार कार्ड, आणि बोट ठेवून वाचायचं, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. गेल्या खेपेला एका मुलीच्या आईचं नाव रजिस्टरला सुनिता आणि आधारला सुनीता निघालं, दुसऱ्या एकाची जन्मतारीख पहिलीत नाव घालताना अंदाजाने लिहिलेली. आधारमधली चूक आधार केंद्रात दुरुस्त होते, ते सोपं. रजिस्टरमधली चूक मात्र मूल शाळेत असेपर्यंतच धरा, मुख्याध्यापकांकडे अर्ज, सोबत जन्मदाखल्यासारखा पुरावा, आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तीच दुरुस्ती फार अवघड होऊन बसते.

दुसरं काम जातीचा दाखला. हा उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत ऑफिसचा असतो, अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू, महा ई-सेवा केंद्रातून. यात सगळ्यात जास्त अडतं ते जुन्या पुराव्यावर. कारण तुमचं कुटुंब ठरावीक तारखेला इथलं रहिवासी होतं हे दाखवावं लागतं, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी (विजाभज) २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि एसबीसी म्हणजे विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, नसेल तर चुलत आजोबांचा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली उतारे, जे मिळेल ते. आणि अर्ज त्या तारखेला कुटुंब जिथे राहत होतं तिथल्या प्रांताकडे करायचा असतो, आज जिथे राहता तिथे नाही! कामासाठी शहरात आलेल्या लोकांना हे शेवटच्या क्षणी कळतं आणि मग निकालानंतर गावच्या चकरा सुरू होतात. नववीत सांगितलं तर पालक सुट्टीत गावी जातात तेव्हा शाळेतून आजोबांचा उतारा घेऊन येतात, एवढंच हवं असतं. वडिलांकडे किंवा काकांकडे जात पडताळणीचं वैधता प्रमाणपत्र (जातीचा दाखला समितीने तपासून खरा ठरवल्याचं) असेल तर त्याची कॉपी आधी शोधा, काम पुष्कळ हलकं होतं.

दहावी: वर्षभरात काय काय

दिवाळीच्या आधी-नंतर बोर्डाचे फॉर्म भरले की शाळेकडे प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासायची यादी येते. मुलं ती न वाचता सही करतात, मी स्वतः बघितलंय, पुढच्याला कॉपी पास करायची घाई. तिथे थांबवा. नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, विषयांचे कोड, सगळं मुलाने मोठ्याने वाचायचं आणि मगच सही, मार्कशीटवर हेच छापून येणार असतं.

ज्यांना सैन्यात अधिकारी व्हायचंय त्यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था आहे, १९७७ पासूनची, मुलांसाठी, आणि मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. अकरावी-बारावी करत एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची) तयारी करून घेतात. याचा अर्ज दहावीत असतानाच निघतो, निकालाची वाट बघत बसलं की गेला. महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र लागतं, तहसील ऑफिसकडून मिळतं.

मग एप्रिल. परीक्षा संपलेली असते, सगळे निवांत असतात, आणि दाखले काढायची खरी वेळ हीच. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमिलेयर यांची मुदत ३१ मार्चला संपते, कुणाला एक वर्षाचा मिळतो कुणाला तीन वर्षांचा, तेव्हा आपल्या दाखल्यावरची तारीख वाचा. १ एप्रिलनंतर नवीन अर्ज टाका. उत्पन्नासाठी तलाठ्याचा (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय) अहवाल किंवा पगाराचा फॉर्म सोळा, रेशन कार्ड, आधार. नॉन क्रिमिलेयरला मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न बघतात, मर्यादा आठ लाख. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग), विजाभज, एसबीसी यांना ते लागतं, एससी एसटीला लागत नाही, तरी दरवर्षी कुणीतरी विनाकारण रांगेत उभं असतं. खुल्या प्रवर्गातल्यांना ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला, तिथेही उत्पन्नाची मर्यादा आठ लाखच. प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्प आणा असं कुणी सांगितलं तर, २०२५ मध्ये शासनाने या दाखल्यांसाठी तो माफ केलाय. आणि उशीर होत असेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, मुदतीत दाखला मिळाला नाही तर अपील करता येतं, पोर्टलवरचा अर्ज क्रमांक जपून ठेवा.

निकालानंतर तीन दारं

अकरावी: २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन केंद्रीय प्रवेश, आधी फक्त मोठ्या शहरांत होता. जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीक्रमात टाकता येतात. पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, म्हणून पहिलं नाव मैत्रिणीने टाकलं म्हणून टाकू नका. आम्ही हा क्रम एप्रिलमध्येच कागदावर लिहून घेतो, घरून कॉलेजला जायची बस कुठली, शेवटची बस किती वाजता, हे पण शेजारी लिहायचं.

आयटीआय: वय १४ पूर्ण, वरची मर्यादा नाही. बहुतेक ट्रेडना दहावी पास, पण सुतारकाम, वायरमन, शिवणकाम अशा काही ट्रेडना दहावी नापास मुलं सुद्धा चालतात. हे नापास मुलाला निकालाच्या दिवशीच सांगायला पाहिजे, त्या दिवशी तो सगळ्यात एकटा असतो.

पॉलिटेक्निक: दहावीला किमान ३५ टक्के, तीन वर्षांचा डिप्लोमा. कागदपत्रं ऑनलाइन तपासून घ्या नाहीतर सुविधा केंद्रात जाऊन, दोन्ही चालतं. दोन वर्षांचा आयटीआय करून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ही वाट पालकांना माहीतच नसते, म्हणून आयटीआय म्हटलं की चेहरा उतरतो.

दिव्यांग मुलांचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) मात्र या सगळ्याच्या आधी, जमलं तर आठवीतच. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर आरक्षण मिळतं, परीक्षेतल्या सवलतींसाठी पण उपयोगी, पण सरकारी दवाखान्याच्या तपासणीला वेळ जातो. बँक खातं मुलाच्या नावावर आणि आधारला जोडलेलं असू द्या, शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते.

आमच्याकडे आता प्रत्येक मुलाची एक प्लास्टिकची फाइल असते, पुढच्या पानावर दाखल्याचं नाव, नंबर, आणि मुदत कधी संपते ती तारीख लाल पेनने. फाइल घरी राहते, पण पुढच्या पानाची झेरॉक्स माझ्या कपाटात. दर वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी ती झेरॉक्स चाळते आणि ज्यांच्या तारखा संपतायत त्यांच्या घरी फोन करते.