पायपिंग म्हणजे दोरी नव्हे

घरी बनवलेल्या गिटार अ‍ॅम्पच्या कॅबिनेटचा, म्हणजे स्पीकरच्या पेटीचा, फोटो कुणी दाखवला की माझी नजर आधी जाळीच्या कडेला जाते. तिथली पांढरी रेघ नागमोडी दिसली, की समजायचं: गड्याने दोरी चिकटवलीय. वर विचारलं तर म्हणणार, ‘पायपिंग लावलंय.’ पायपिंग म्हणजे कडेची फट झाकणारा प्लास्टिकचा गोल गोट.

कॅबिनेट बांधायला तुम्हाला येतंच. १८ मिमीचा प्लाय, बाहेरून रेक्झिन, पुढे कापड ताणलेलं बॅफल, म्हणजे स्पीकर बसवायची फळी. त्यात शिरत नाही. रंग आणि जाडी ज्याच्या त्याच्या आवडीची. मला सोनेरी पिळाची दोरी अजिबात चालत नाही, कॅबिनेटचं गणपतीचं मखर होतं.

खरा फरक शेपटाचा. दोरी नुसती गोल असते, तिला धरायला जागाच नाही. पायपिंगच्या गोल कडेला साधारण १० मिमी रुंदीची चपटी पट्टी असते, तिलाच मी शेपूट म्हणतो. १९६२ साली लंडनच्या हॅनवेलमध्ये मार्शल कंपनीचे अ‍ॅम्प सुरू झाले. पुढे चार बारा-इंची स्पीकरच्या त्यांच्या काळ्या पेट्यांवरची जी पांढरी रेघ जगभर नकलली गेली, ती पायपिंगची. दिसते फक्त गोलाई. पकड सगळी आत दडलेल्या शेपटाची.

माझ्या पहिल्या कॅबिनेटला मी पडद्याची दोरी इन्स्टंट ग्लूने वरून चिकटवली होती. महिन्याभरात एका कोपऱ्यात सुटली. गिटारची खालची, सगळ्यात जाड ई तार छेडली की झर्रर्र. ती तार सुमारे ८२ हर्ट्झची, पुढची अख्खी फळी हलते. मी आधी स्पीकर बदलला, मग अ‍ॅम्पमधला व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची नळी. शेवटी सहज दोरीवर बोट ठेवलं आणि आवाज थांबला.

आता शेपूट कुठे जातं ते बघा, कारण पायपिंग आणूनही लोक इथेच आपटतात. कापड ताणून झाल्यावर शेपूट बॅफलच्या जाडीवर, म्हणजे बाजूच्या कडेवर, मागच्या दिशेने टेकवायचं आणि स्टेपल गनने ठोकायचं. गोलाई पुढच्या धारेवर बसते आणि बॅफल व पेटीमधली फट झाकते. असं लावलं तर कोपऱ्यावर शेपूट फितीसारखं वळतं, एकही काप लागत नाही. शिंपी उशीला पायपिंग लावताना कोपऱ्यावर काप देतो, कारण तिथे शेपूट कापडावर आडवं पसरलेलं असतं आणि वळणावर त्याला फाकावं लागतं. तेच पाहून इथे कात्री चालवली, की नेमकी कोपऱ्यावरची पकड जाते आणि गोलाई पुढे उचलते. त्यापेक्षा बॅफलचे कोपरे पॉलिश पेपरने जरासे गोल करा आणि पायपिंगला हेअर ड्रायरची ऊब द्या. निमूट वळतं.

पण या शेपटाला जागा लागते. कापड, शेपूट आणि पेटीच्या आत वळवलेलं रेक्झिन मिळून दर बाजूला तीनेक मिमी सहज होतात. म्हणजे बॅफल लांबीत आणि रुंदीत सहा-सहा मिमीने लहान हवं. हे तिन्ही तुकडे एकावर एक ठेवून मोजा आणि मगच प्लाय कापा. नंतर हातोडीने ठोकून बसवलेलं बॅफल मी पाहिलंय. कापडाच्या रेघा तिरक्या झाल्या होत्या.

दोरीच लावायची असेल तर राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, तिच्या निम्म्या जाडीची खाच पाडा आणि तिच्यात बसवा. कापण्याआधी टेप गुंडाळा, नाहीतर पीळ उलगडतो.

पायपिंगचा जोड खालच्या बाजूला, मधोमध. कोपऱ्यात कधीच नको. धारदार ब्लेडने सरळ कापा, पण एक-दोन मिमी जास्त ठेवून टोकं एकमेकांवर दाबून बसवा. प्लास्टिक पुढे आखडतं आणि जोडात फट पडते.