स्ट्रिप क्लबचे ग्राहक-परीक्षण

स्ट्रिप क्लबात जाऊन आलेल्या ग्राहकाने तिथला खर्च, नियम, सुरक्षितता आणि वागणूक यांविषयी पुढच्या ग्राहकासाठी लिहिलेली नोंद. स्ट्रिप क्लब म्हणजे नर्तकी कपडे उतरवत नाचतात आणि ग्राहक प्रवेश, पेये, टिप व खासगी नृत्य यांसाठी पैसे मोजतात असे करमणुकीचे ठिकाण. अमेरिकेत हा धंदा परवाना घेऊन उघडपणे चालतो. त्यामुळे अशा परीक्षणांचा रिवाजही तिथे चांगलाच रुळला आहे.

यातली बरीचशी परीक्षणे वाचणाऱ्याच्या उपयोगाची नसतात. लिहिणारा नर्तकींच्या रूपाची प्रतवारी लावतो, स्वतःच्या मर्दुमकीचे एकदोन किस्से जोडतो आणि बिलाचा आकडा मात्र गाळतो. आंबटशौकीन वाचकाची त्याने करमणूक होते, पण दारापर्यंत गेलेल्या माणसाला आत किती पैसे लागतील हे कळत नाही. नर्तकी बहुधा क्लबच्या पगारी नोकर नसतात. आज इथे तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात, असे त्यांचे काम चालते. त्यामुळे एखादीविषयी लिहिलेले कौतुक लवकरच शिळे होते. दर, नियम आणि व्यवस्थापनाची सवय त्या मानाने टिकून राहते.

म्हणून परीक्षणात सर्वांत मोलाचा भाग हिशेबाचा. दारात कव्हर चार्ज, म्हणजे प्रवेशाचे पैसे, असतो, काही ठिकाणी किमान दोन पेये घेण्याची अट असते, आणि अशा ठिकाणी साध्या सोड्याचाही दर चढा असू शकतो. लॅप डान्सचा, म्हणजे एकाच ग्राहकाजवळ केलेल्या खासगी नाचाचा, भाव बहुधा गाण्यावर ठरतो. इथेच ग्राहक फसतो. डीजे गाणे अर्ध्यात तोडून दुसरे लावतो, ग्राहकाला एकच नाच चालू आहे असे वाटत राहते आणि शेवटी चार गाण्यांचे पैसे मागितले जातात. व्हीआयपी रूमचा, म्हणजे वेगळ्या खासगी खोलीचा, दर अर्ध्या तासाचा असला, तरी त्यात बाटली, वेट्रेसची टिप आणि नर्तकीची टिप धरलेली असतेच असे नाही. कार्ड दिले तर वर अधिभार लागतो. काही क्लब कार्डावर स्वतःची कूपने देतात आणि ती देताना व वटवताना आपला वाटा कापतात. चांगला परीक्षक एवढेच नेमके लिहितो : दर कोणी सांगितला, आधी सांगितला की नंतर, फलकावर लिहिलेला होता का, आणि बाहेर पडताना एकूण किती गेले. ‘महाग आहे’ या शेऱ्यातून काहीच कळत नाही.

बिलांचे वाद कोर्टातही गेले आहेत. न्यूयॉर्कच्या ‘स्कोअर्स’ क्लबात २००३ साली एका कंपनीच्या प्रमुखाच्या कार्डावर एकाच भेटीत सुमारे २,४१,००० डॉलर लागले. त्याने त्यातला मोठा भाग नाकारला, तेव्हा कार्ड देणाऱ्या अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने वसुलीसाठी दावा लावला. त्याच शहरात २०१४ मध्ये एक टोळी पकडली गेली. ग्राहकाच्या पेयात अमली पदार्थ मिसळायचे, त्याला क्लबात आणायचे आणि भान नसताना त्याचे कार्ड वापरायचे, ही तिची पद्धत होती. कार्ड नजरेआड नेतात का, सही घेण्याआधी आकडा दाखवतात का, असल्या रुक्ष ओळींचे महत्त्व अशा वेळी कळते.

नर्तकीच्या बाजूचा हिशेब माहीत असलेला परीक्षक अधिक न्यायाने लिहितो. अमेरिकेतल्या बहुसंख्य क्लबांत नाचण्याच्या पाळीसाठी नर्तकीच क्लबला ‘हाउस फी’ भरते. शिवाय डीजे आणि बाउन्सर यांचा वाटा देते. म्हणजे रात्रीची सुरुवातच पदरमोडीने होते. ‘सारख्या मागे लागतात’ ही तक्रार खरी असते, पण तिचे मूळ बऱ्याचदा या वसुलीत असते. वॉशिंग्टन राज्याने मार्च २०२४ मध्ये कायदा करून ही फी आठ तासांसाठी १५० डॉलर किंवा कमाईच्या ३० टक्के, यांपैकी जे कमी असेल त्यावर बांधली. त्याच कायद्याने तिथल्या क्लबांना मद्यविक्रीचा मार्ग मोकळा झाला. त्याआधी तिथे मद्य मिळतच नसे. त्या राज्यातल्या सिएटल शहराच्या क्लबविषयीचे २०२२ चे परीक्षण त्यामुळे आज जवळपास निकामी आहे. तारीख नसलेले तर कुठलेच परीक्षण वाचू नये.

स्थानिक कायद्याचे भान नसले की तुलनाही फसते. पूर्ण नग्नतेवर बंदी घालण्याचा अधिकार राज्यांना व शहरांना आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये इंडियानाच्या आणि २००० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एरी शहराच्या खटल्यात ठरवले. याउलट ऑरेगनच्या राज्यघटनेत अभिव्यक्तीला जास्त संरक्षण आहे. तिथल्या पोर्टलंडमध्ये नग्न नृत्य आणि मद्य दोन्ही एकाच छताखाली चालतात. मद्यपरवान्यासाठी जेवण देणेही भाग असल्याने क्लबांना स्वयंपाकघर असते, आणि ‘ॲक्रोपोलिस’सारखा क्लब चक्क स्टेकसाठी नावाजलेला आहे. लास व्हेगसमध्ये पूर्ण नग्न क्लबात सहसा मद्य मिळत नाही, नॉर्थ लास व्हेगसचा जुना ‘पॅलोमिनो’ हा अपवाद. फ्लॉरिडातल्या टँपा शहराने १९९९ मध्ये नर्तकी व ग्राहक यांच्यात सहा फुटांचे अंतर ठेवण्याचा नियम केला. असल्या गोष्टींसाठी क्लबला दोष देणारा परीक्षक चुकीच्या दारावर थाप मारतो. लास व्हेगसविषयी आणखी एक कामाची माहिती : प्रवासी आणल्याबद्दल क्लब टॅक्सीचालकाला दलाली देतात; तेव्हा चालकाची शिफारस म्हणजे तटस्थ मत नव्हे.

बँकॉकच्या पॅटपाँग भागात वरच्या मजल्यांवरच्या बारांत स्वस्त दरपत्रक दाखवून नेतात आणि उतरताना भलतेच बिल पुढे करतात. तिथे फसलेल्या पर्यटकाने लिहिलेली मजल्याची खूण आणि बिलाचा आकडा इतर कोणत्याही वर्णनापेक्षा उपयोगी. मुंबईचे डान्स बार मात्र या प्रकारात बसत नाहीत : तिथे नर्तकी पूर्ण कपड्यांत नाचतात आणि पैसा येतो तो दौलतजादाच्या वाटेने. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी २०१९ च्या निकालात टिप देण्याला मुभा दिली, नोटा उधळण्यावरची बंदी कायम ठेवली.

नर्तकीविषयी काही लिहूच नये असे नाही. ती सभ्यपणे बोलली, दर स्पष्ट सांगितला, नकार ऐकून घेतला, हे लिहिता येते. खरे नाव, गोंदण, गाडी, घरी जाण्याची वेळ यांतले काहीही लिहिणे म्हणजे पाठलाग करणाऱ्याच्या हाती पत्ता देणे. ‘जादा’ काय मिळते याच्या सूचक ओळीही तशाच. त्या पोलीस आणि मालक दोघेही वाचतात, आणि भोगावे लागते तिला.

खोटी परीक्षणे या धंद्यातही आहेतच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा, खोट्या परीक्षणांविरुद्धचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. ग्राहकाला परीक्षण लिहिण्यापासून करारातल्या अटीने अडवता येत नाही, असा कायदा तर २०१६ चाच. तरीही मालकाने लिहून घेतलेला मजकूर ओळखणे अवघड नाही : त्यात सगळे ‘अप्रतिम’ असते आणि एकही दर नसतो. बाउन्सरने बाहेर काढलेल्या माणसाच्या एकतारांकित संतापात मात्र कधीकधी कव्हर चार्जचा अचूक आकडा सापडतो.