लांब नळी म्हणजे अचूक नेम?

रायफलची नळी जितकी लांब तितका नेम पक्का, हा समज चुकीचा आहे. लांबीने वाढतो तो गोळीचा वेग: .308 विंचेस्टर या काडतुसात दर इंचाला साधारण 6 ते 8 मीटर प्रतिसेकंद. गोळी कमी खाली येते, वाऱ्याने कमी सरकते, इतकेच. उलट त्याच जाडीची लांब नळी जास्त लवचीक, म्हणून जास्त थरथरते. 24 इंची जाड नळी बहुतेकांना पुरते.

रायफलवरच्या दुर्बिणीतही 25 पट मोठे दिसण्याचा मोह नको; तापलेल्या हवेच्या लहरीही तितक्याच मोठ्या दिसतात. खरी अडचण उंचीच्या समायोजनाची, म्हणजे गोळी जितकी खाली येते तितकी भरपाई दुर्बिणीत करण्याची. 100 मीटरवर झिरो केलेल्या (म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवलेल्या) .308 ला 1000 मीटरसाठी साधारण 12 ते 14 मिल (कोन मोजायचे एकक) लागतात. समायोजनाचा वर-खाली मिळून एकूण वाव 18 मिल असेल, तर सपाट माउंटवर (दुर्बीण बसवायच्या आधारावर) वरच्या बाजूला जेमतेम 9 उरतात. 20 एमओए (हेही कोनाचेच एकक) उताराचे माउंट त्यात सुमारे 6 मिलची भर घालते.