जि.प. शाळेसाठी पर्यावरणपूरक खरेदी: पैसे कुठून, ठराव कसा, कागद कोणते

"वीज वाचवणारं सामान महाग पडतं, ऑडिटला अडकतं" हे वाक्य मी शाळा व्यवस्थापन समितीच्या जवळपास प्रत्येक बैठकीत ऐकते. अडकत नाही हो, ठरावात नीट लिहिलेलं नसतं म्हणून अडकतं.

आधी पैसे. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेमधून संयुक्त शाळा अनुदान येतं, ते जिल्हा परिषद, नगरपालिका, मनपा अशा सरकारी शाळांना. निकष पटाचा: ३१ ते १०० मुलं असतील तर २५ हजार, १०१ ते २५० असतील तर ५० हजार, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. वेगळा अर्ज नसतो, यूडायस प्लसवर (शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) भरलेला पट हाच अर्ज समजा, तो चुकला की वर्षभराची रक्कम चुकली.

आता खरी गोम. आमच्या ठरावात एकदा नुसतं "सीलिंग फॅन ८ नग" एवढंच लिहिलं होतं. तीन दरपत्रकं आली, सगळ्यात कमी दराचं घ्यावं लागलं कारण नियमच तसा, आणि आले ७५ वॅटचे पंखे. बीएलडीसी पंखा (ब्रशलेस मोटरचा, कमी वीज खाणारा) ३० वॅटच्या आसपास चालतो, म्हणजे ८ पंखे रोज ६ तास आणि वर्षाचे २०० दिवस धरले तर ४३२ युनिटचा फरक, आणि लाइटबिल थकलं की कनेक्शन कापलं जातं ते शाळेचंच! म्हणून ठरावात आणि मागणीपत्रात दोन्हीकडे लिहा: "बीएलडीसी, ५ स्टार, जास्तीत जास्त ३५ वॅट, २ वर्षं वॉरंटी". कंपनीचं नाव मात्र अजिबात लिहू नका, आक्षेप त्याच्यावर येतो. अट आधी लिहिली की त्या अटीत बसणाऱ्यांमधला कमी दर घ्यायचा, मग कोणी बोट ठेवत नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतसुद्धा विजेच्या उपकरणांना स्टार रेटिंग बघायला सांगितलंय, समितीत कोणी अडून बसलं तर हे दाखवा.

फाइलला लावायचे कागद: इतिवृत्तातल्या ठरावाची प्रत, मागणीपत्र, तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, जीएसटी बिल, जडसंग्रह रजिस्टरची (टिकाऊ सामानाच्या वहीची) नोंद आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला). मी स्टार लेबलचा फोटोही लावते, कारण माल बदलून येतो तेव्हा तोच कामाला येतो. दरपत्रकाशिवाय किती रुपयांपर्यंत घेता येतं आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरूनच घ्यायचं का, याचं चालू परिपत्रक गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून मागून घ्या, जुन्यावर विसंबू नका. पैसे पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीमधून थेट दुकानदाराच्या खात्यात जातात, त्यामुळे त्याचे बँक डिटेल्स आधीच घेऊन ठेवा.

कार्यक्रमाला थर्माकोलची ताटं-वाट्या आणायचा तर प्रश्नच नाही, मार्च २०१८ पासून राज्यात बंदी आहे. एकदाच स्टीलची ताटं घ्या.

जुने कॉम्प्युटर, ट्यूब भंगारवाल्याला देऊ नका. ट्यूबमध्ये पारा असतो, फुटली तर पोरांच्या पायाखाली येते. आधी निर्लेखनाचा (सामान नोंदीतून कमी करण्याचा) प्रस्ताव, मंजुरी आली की नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरला द्या आणि पावती जडसंग्रह रजिस्टरला चिकटवा.

आणि हे सगळं जून-जुलैच्या बैठकीतच ठरवून ठेवा. अनुदान बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतं, ३१ मार्चच्या आत खर्च करायचं असतं, मग दुकानात जे शिल्लक असेल तेच उचलावं लागतं.